उंदरांची साक्ष कोणी मानायची?

१ नोव्हेंबर २०१८ रोजी अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या छत्राखालील दोन सरकारी संस्थांनी एकाच विषयावर आपापली निवेदने प्रसिद्ध केली. त्यांतील पहिली संस्था म्हणजे ‘राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रम’. भ्रमणध्वनीच्या लहरींत दोन वर्षे ठेवलेल्या नर उंदरांच्या हृदयात कर्करोगाच्या गाठी झाल्याचा ‘स्पष्ट पुरावा’ मिळाला आहे, असे तिने आपल्या अंतिम अहवालात नमूद केले. दुसरी संस्था अन्न व औषध प्रशासन. ‘स्पष्ट पुरावा’ हा निष्कर्ष आपणास मान्य नाही, आणि भ्रमणध्वनीसाठी ठरविलेल्या मर्यादा पुरेशा आहेत, असे तिने त्याच दिवशी जाहीर केले. दोन सरकारी संस्थांत मतभेद व्हावा यात अपूर्व असे काही नाही. मेख आहे ती निराळीच. हा प्रयोग करावा अशी शिफारस १९९९ साली याच अन्न व औषध प्रशासनाने केली होती. ज्यांनी प्रश्न विचारला त्यांनीच उत्तर येताच मान फिरविली.

या प्रसंगानंतर जगभरच्या वर्तमानपत्रांतून दोन प्रकारचे मथळे झळकले. एका प्रकारात मोबाईलने कर्करोग होतो हे सिद्ध झाले होते. दुसऱ्या प्रकारात मोबाईल निर्धोक ठरला होता. दोन्ही मथळे एकाच अहवालावरून बेतलेले होते. आज भारतात शंभर कोटींहून अधिक मोबाईल जोडण्या आहेत, शाळकरी मुलांच्या हातात हे यंत्र अभ्यासाच्या निमित्ताने अधिकृतपणे देण्यात आलेले आहे, आणि सोसायटीच्या गच्चीवर टॉवर उभारू द्यावा की नाही यावरून मुंबई-पुण्यातल्या गृहनिर्माण संस्थांच्या सभा रात्री उशिरापर्यंत रंगतात. अशा वेळी त्या अहवालात नेमके काय होते हे शांतपणे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम शब्दांचा थोडा खुलासा केला पाहिजे. ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द आपल्याकडे मोबाईललाही सर्रास लावला जातो, आणि तो ऐकताच वाचकाच्या डोळ्यांसमोर हिरोशिमा किंवा चेर्नोबिल उभे राहते. वस्तुतः मोबाईलच्या लहरी रेडिओलहरींच्या जातीच्या आहेत. क्ष-किरणांप्रमाणे अणूतील इलेक्ट्रॉन उडवून लावण्याइतकी शक्ती त्यांच्यात नसते. त्यांचा निर्विवाद मान्य झालेला परिणाम एकच, तो म्हणजे ऊब. शरीराच्या दर किलो वजनामागे किती वॅट ऊर्जा शोषली जाते यावरून हा परिणाम मोजतात, आणि जगातील बहुतेक सर्व मर्यादा शरीर फार तापू नये एवढ्याच हिशोबाने ठरविलेल्या आहेत. ऊब जाणविण्याइतकी नसतानाही या लहरी पेशींचे काही बिघडवितात काय, हाच गेल्या तीस वर्षांतील वादाचा गाभा आहे.

दुसरी गोष्ट उंदरांची. इंग्रजीत ‘रॅट’ आणि ‘माऊस’ असे दोन स्वतंत्र प्राणी आहेत. मराठीत दोघेही उंदीरच. प्रस्तुत प्रयोगात दोन्ही जाती वापरल्या होत्या आणि दोघांची उत्तरे सारखी आली नाहीत, म्हणून त्यांना येथे मोठे उंदीर व छोटे उंदीर म्हटले आहे.

प्रयोगाची रचना खरोखरच भव्य होती. तीन कोटी डॉलर खर्च झाले आणि आखणीपासून अहवालापर्यंत दहा वर्षांहून अधिक काळ गेला. शिकागो येथील प्रयोगशाळेत त्यासाठी मुद्दाम २१ धातूच्या खोल्या बांधण्यात आल्या. त्यांच्या भिंतींवरून लहरी अशा परावर्तित होत की पिंजऱ्यातील उंदीर कोठेही गेला, कोणत्याही कुशीवर झोपला, तरी त्याच्या सर्वांगाला सारख्याच प्रमाणात लहरी मिळाव्यात. दहा मिनिटे लहरी चालू, दहा मिनिटे बंद, या क्रमाने दिवसाकाठी नऊ तासांहून थोडा अधिक काळ हा मारा होत असे. मोठ्या उंदरांच्या बाबतीत तो मातेच्या गर्भात असतानाच सुरू झाला आणि पुढे दोन वर्षे चालला. दोन वर्षे म्हणजे उंदराचे जवळजवळ सारे आयुष्य. प्रत्येक गटात ९० नर व ९० माद्या होत्या. मोठ्या उंदरांना किलोमागे दीड, तीन आणि सहा वॅट अशा तीन मात्रा देण्यात आल्या. एक गट लहरींविना, पण अगदी तशाच खोलीत ठेवला होता. लहरी होत्या त्या मोबाईलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या. आजच्या चौथ्या-पाचव्या पिढीच्या किंवा वायफायच्या लहरींची परीक्षा या प्रयोगात झाली नाही.

निष्कर्ष आकड्यांतच पाहिलेले बरे. लहरींविना ठेवलेल्या ९० नरांपैकी एकाच्याही हृदयात विशिष्ट प्रकारची घातक गाठ आढळली नाही. सहा वॅटच्या दोन गटांत, म्हणजे दोन प्रकारच्या संदेशपद्धतींच्या गटांत, अनुक्रमे ५ आणि ६ नरांच्या हृदयात ती आढळली. ही गाठ मज्जातंतूंवर आवरण चढविणाऱ्या श्वान पेशींची. (या नावाचा कुत्र्याशी संबंध नाही, थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञावरून ते पडले आहे.) मेंदूतील ग्लायोमा या कर्करोगाचीही काही नरांत नोंद झाली. पण तेथे आकडे दोन-तीनच्या घरात राहिले आणि मात्रेबरोबर नेटकेपणाने वाढलेही नाहीत. सबब त्याला ‘काही पुरावा’ एवढीच पायरी मिळाली. मोठ्या उंदरांच्या माद्यांत आणि छोट्या उंदरांत जे दिसले त्याची गणना ‘संदिग्ध’ या सदरात झाली. त्यातही एक गंमत आहे. संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मसुद्यात हृदयाच्या गाठींना ‘काही पुरावा’ व मेंदूच्या गाठींना ‘संदिग्ध पुरावा’ असेच म्हटले होते. मार्च २०१८ मध्ये बाहेरच्या तज्ज्ञांची समिती तीन दिवस बसली आणि तिने दोन्ही निष्कर्ष एकेक पायरी वर चढविले. सरकारी अहवालाची भाषा बाहेरच्या समितीने सौम्य करावी असा सर्वसाधारण अनुभव असतो. येथे उलटे घडले.

श्वान पेशींच्या गाठीकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले जाण्यास कारणही तसेच आहे. माणसांच्या कानाच्या मज्जातंतूवर होणारी एक सौम्य गाठ याच पेशींपासून उद्भवते. मोबाईल वापरणाऱ्यांच्या पाहण्यांत ज्या दोन रोगांविषयी सर्वाधिक चर्चा झाली, ते हेच: ग्लायोमा आणि कानाच्या तंतूवरील ही गाठ. नर उंदरांत नेमक्या त्याच दोन जातींच्या पेशी बिघडाव्यात हा योगायोग असू शकतो. पण तो नुसता योगायोग म्हणून सोडून देण्याइतका क्षुल्लकही नाही.

आता दुसरी बाजू. तिच्यातही दम आहे. सहा वॅट ही मात्रा सर्वांगाला दिलेली होती. सामान्य नागरिकाच्या सर्वांगासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे ०.०८ वॅट आहे, म्हणजे उंदरांना तिच्या ७५ पट मात्रा नऊ-नऊ तास मिळत होती. मोबाईल कानाशी धरणाऱ्या माणसाचे डोके अधिक लहरी शोषते हे खरे, आणि डोक्यासाठी अमेरिकेने घातलेली १.६ वॅटची मर्यादा उंदरांच्या सर्वांत खालच्या मात्रेच्या जवळपास आहे हेही खरे. परंतु त्या माणसाचे हृदय काही लहरींत न्हाऊन निघत नाही. उंदीर व माणूस यांना मिळणाऱ्या लहरींची थेट तुलना करता येणार नाही, हे प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञांनीही स्वच्छ सांगितले.

त्याहून अवघड प्रश्न आयुर्मानाचा. ज्या नरांना लहरी दिल्या ते लहरींविना ठेवलेल्या नरांहून अधिक जगले! लहरींविना ठेवलेल्या नरांपैकी दोन वर्षांच्या अखेरीस जेमतेम २८ टक्के जिवंत होते. मूत्रपिंडाच्या विकाराने ते आधीच गेले. हृदयातील गाठ ही उतारवयात होणारी. जो गट आधी मेला त्याच्यात ती दिसण्यास अवधीच कमी मिळाला, असा आक्षेप घेता येतो, आणि तो घेतला गेला. संख्याशास्त्रज्ञांनी आयुर्मानाचा फरक हिशोबात धरून गणिते मांडली व तरीही हृदयाच्या गाठींचा निष्कर्ष टिकला, हे त्याचे उत्तर. मेंदूच्या बाबतीत मात्र संशयाला अधिक जागा राहते. याच जातीच्या उंदरांत, पूर्वीच्या प्रयोगांतील लहरींविना वा औषधाविना ठेवलेल्या गटांत, ग्लायोमाचे सरासरी प्रमाण सुमारे २ टक्के आढळले होते. या खेपेस तुलनेच्या गटात एकही ग्लायोमा निघाला नाही, ही तुलनेच्या गटाची नशिबाची गोष्ट असू शकेल. नव्वद जणांच्या गटात दोन-तीनच्या फरकावर फार मोठी इमारत उभारू नये, हे आपल्याकडच्या संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही सांगावे लागत नाही.

एवढ्यावर हा विषय थांबला असता तर तो केवळ एका प्रयोगाचा वाद ठरला असता. पण त्याच वर्षी इटलीतील बोलोन्या येथील रामाझ्झिनी संस्थेने आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात २,४४८ मोठे उंदीर होते, गर्भावस्थेपासून नैसर्गिक मृत्यूपर्यंत रोज १९ तास लहरींत. मात्र या लहरी टॉवरपासून दूरवर पोहोचणाऱ्या लहरींसारख्या क्षीण होत्या. सर्वांत वरची मात्रादेखील किलोमागे वॅटच्या एक-दशांशाएवढी. त्या मात्रेच्या नरांपैकी १.४ टक्क्यांच्या हृदयात तीच, श्वान पेशींची गाठ निघाली. तुलनेच्या गटातील नरांत एकही नाही. दोन देश, दोन प्रयोगशाळा, आणि गाठ तीच. हे वाचून कोणीही सावध होईल. तथापि म्युनिकजवळून काम करणाऱ्या, मर्यादा ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने त्यावर बोट ठेवले ते असे: शिकागोत सहा वॅटला जे घडले ते बोलोन्यात त्याच्या साठाव्या हिश्शाला घडत असेल, तर शिकागोच्या दीड वॅटच्या गटात त्याचा पूर आला पाहिजे होता. तसा तो आला नाही. तेव्हा हे दोन प्रयोग एकमेकांचे साक्षीदार आहेत की एकमेकांची उलटतपासणी करणारे वकील, हे ठरविणे वाचकाला वाटते तितके सोपे नाही.

येथे इतिहासातील दोन दाखले उद्‌बोधक ठरतील, कारण दोन्हींत उंदरांनी साक्ष दिली होती आणि दोन्हींचा निकाल परस्परविरुद्ध लागला. १९७७ साली नर उंदरांच्या मूत्राशयात कर्करोग दिसल्यावरून सॅकरिनवर गदा आली. कॅनडाने ते खाद्यपदार्थांत घालण्यास बंदी केली. अमेरिकेत बंदीचा प्रस्ताव लोकक्षोभापुढे टिकला नाही, पण डब्यावर धोक्याची सूचना छापणे सक्तीचे झाले. पुढे वीस वर्षांच्या अभ्यासाअंती असे आढळले की, उंदराच्या मूत्रात सॅकरिनमुळे जे खडे जमतात ते माणसाच्या मूत्रात जमत नाहीत. २००० साली सॅकरिनचे नाव कर्करोगकारकांच्या सरकारी यादीतून काढण्यात आले. उंदीर खोटे बोलले नव्हते; ते स्वतःच्या शरीराविषयी बोलत होते.

दुसरा दाखला व्हिनाइल क्लोराइडचा. प्लास्टिकचे नळ ज्यापासून बनतात तो हा वायू. १९७० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत चेझारे माल्तोनी या इटालियन शास्त्रज्ञाने या वायूत ठेवलेल्या उंदरांच्या यकृतात एक अत्यंत दुर्मिळ कर्करोग पाहिला. त्याच्या निष्कर्षांची वाच्यता उद्योजकांनी होऊ दिली नाही. जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेतील केंटकी राज्यात एका कारखान्याचे कामगार नेमक्या त्याच दुर्मिळ कर्करोगाने दगावल्याचे उघड झाले, आणि वर्ष-सव्वा वर्षात कारखान्यांतील हवेत या वायूची मर्यादा दशलक्षात ५०० भागांवरून एका भागावर आली. उंदरांचे म्हणणे खरे ठरले; कामगारांच्या प्रेतांनी त्याला दुजोरा द्यावा लागला. हा माल्तोनी बोलोन्याचाच, आणि मोबाईलचा इटालियन प्रयोग ज्या संस्थेत झाला तिच्याशी त्याचे नाव जोडलेले आहे. त्या संस्थेच्या कामाकडे काही शास्त्रज्ञ नाक मुरडतात, तेव्हा हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

या दोन दाखल्यांवरून मोबाईलच्या प्रकरणाचा निकाल लावता येत नाही, हे उघड आहे. पण प्राण्यांवरील प्रयोगाचे प्रयोजन काय, हे मात्र त्यावरून लक्षात येते. माणसांतील पुरावा येण्याची वाट पाहावयाची तर तो माणसांनीच पुरवावा लागतो. तो पुरविण्याची पाळी येऊ नये म्हणूनच उंदीर पाळावे लागतात. असे असताना उंदरांत काही न सापडले की ‘पाहा, निर्धोक आहे’ म्हणावयाचे, आणि सापडले की ‘उंदीर म्हणजे माणूस नव्हे’ म्हणावयाचे, ही पद्धत कोणत्याही न्यायासनाला शोभणारी नाही. दुसऱ्या पक्षाचेही वर्तन याहून निराळे नाही. मोबाईलविरोधी मंडळी गाठ सापडलेल्या उंदराचे चित्र पत्रकावर छापतात. ज्यांच्यात काही सापडले नाही त्या माद्या आणि ते छोटे उंदीर त्यांच्या पत्रकात कधी येत नाहीत.

प्रयोग पुन्हा करून पाहणे हा यावरचा जुना आणि सिद्ध उपाय. त्याचेही दोन उलटसुलट अनुभव या क्षेत्रात आहेत. १९९७ साली ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेड येथे मायकेल रेपाचोली व त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगाची उपजत प्रवृत्ती असलेल्या छोट्या उंदरांवर प्रयोग केला. रोज दोनदा अर्धा-अर्धा तास, दीड वर्षभर. लहरींत ठेवलेल्या माद्यांपैकी ४३ टक्क्यांना लसिकापेशींचा कर्करोग झाला, तुलनेच्या गटात २२ टक्क्यांना. प्रमाण दुप्पट! साऱ्या जगात खळबळ उडाली. २००२ साली ऑस्ट्रेलियात आणि २००७ साली इटलीत तो प्रयोग अधिक काटेकोरपणे पुन्हा केला गेला. दुप्पट काय, सव्वापटही काही दिसले नाही. याउलट २०१० साली जर्मनीत असे आढळले की, गर्भावस्थेत कर्करोगकारक रसायन दिलेल्या छोट्या उंदरांत मोबाईलच्या लहरींनी फुप्फुसातील गाठी वाढतात. ब्रेमेनच्या अलेक्झांडर लेर्शल यांना या सगळ्या प्रकाराविषयी भरपूर शंका होती आणि ती त्यांनी कधी लपविली नव्हती. त्यांनी अधिक प्राणी घेऊन हा प्रयोग पुन्हा केला आणि २०१५ साली प्रामाणिकपणे जाहीर केले की, गाठी वाढल्या; त्याही सध्याच्या मर्यादांच्या आतील मात्रेत. मात्रा वाढविली तर परिणाम त्या प्रमाणात वाढतो असे मात्र त्यांना आढळले नाही, आणि हे कोडे अद्याप सुटावयाचे आहे. अविश्वास बाळगणाऱ्यानेच पुन्हा प्रयोग करून विरुद्ध निष्कर्ष छापावा, याला विज्ञानाचे शील म्हणतात. ते दुर्मिळ आहे म्हणून येथे मुद्दाम सांगितले.

जागतिक आरोग्य संघटनेने अलीकडे या साऱ्या वाङ्मयाची पद्धतशीर छाननी करविली. सप्टेंबर २०२४ मध्ये माणसांतील पाहण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला: मोबाईलच्या वापराने मेंदूचा कर्करोग वाढतो असे दिसत नाही, दहा वर्षांहून अधिक वापर केलेल्यांतही नाही. एप्रिल २०२५ मध्ये प्राण्यांवरील ५२ प्रयोगांचा आढावा आला. बर्न विद्यापीठाच्या माइके मेव्हिसेन यांच्या नेतृत्वाखालील शास्त्रज्ञांनी नर उंदरांच्या हृदयातील गाठी आणि मेंदूतील ग्लायोमा यांच्याबाबतच्या पुराव्याची विश्वसनीयता ‘उच्च’ ठरविली. एकाच संघटनेने मागविलेले हे दोन आढावे शेजारी ठेवले की सामान्य वाचक गोंधळून जातो. त्यात त्याचा दोष नाही.

दोन्ही आढावे एकाच वेळी खरे असू शकतात. उंदरांच्या सर्वांगाला मिळालेल्या मात्रेने जे होते ते माणसाला मिळणाऱ्या मात्रेने होत नसेल. किंवा होत असेल, पण इतके अल्प की लाखोंच्या पाहणीतही निसटावे. माणसांच्या पाहण्यांचीही मर्यादा आहेच. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तेरा देशांच्या ‘इंटरफोन’ पाहणीत सर्वाधिक बोलणारे म्हणून जो गट गणला गेला, त्याचा आयुष्यभराचा हिशोब १,६४० तासांपासून पुढे होता. दहा वर्षांत पसरले तर रोजचा अर्धा तास. त्या गटात ग्लायोमाचे प्रमाण ४० टक्क्यांनी अधिक आले होते, पण आजारी माणसाच्या आठवणीतील चुकांमुळेही ते तसे दिसले असेल, असे संशोधकांनीच म्हटले. शिवाय या साऱ्या पाहण्या मुख्यतः प्रौढांच्या. आईच्या पोटात असल्यापासून या लहरींत वाढलेली माणसांची पहिली पिढी आता कोठे महाविद्यालयात पोहोचते आहे. तिची तुलना करावयाची तर शिकागोच्या त्या उंदरांशीच करावी लागेल. या चित्राला दिलासा देणारीही एक बाजू आहे. तिसऱ्या पिढीपासून पुढचे फोन जरुरीपुरतीच शक्ती वापरतात, आणि आजचा विद्यार्थी फोन कानाशी धरण्यापेक्षा डोळ्यांसमोर अधिक धरतो. त्याच्या मेंदूला पोहोचणाऱ्या लहरी त्याच्या वडिलांच्या काळाहून कमी असण्याचाच संभव अधिक. डोळ्यांचे आणि झोपेचे जे होते तो स्वतंत्र विषय आहे.

भारतापुरते बोलावयाचे तर आपल्या सरकारने या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले असे म्हणता येणार नाही. आंतरमंत्रालयीन समितीच्या २०११ च्या अहवालानंतर १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय आयोगाच्या मर्यादेच्या एक-दशांशावर आणण्यात आली आणि हँडसेटसाठी युरोपातील दोन वॅटऐवजी अमेरिकेतील १.६ वॅटची कडक मर्यादा स्वीकारली गेली. आपल्या हातातील फोनचा आकडा किती, हे स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश अशी बटणे दाबल्यास बहुधा पडद्यावर दिसते. पुष्कळांना हे ठाऊकही नसते. हे निर्णय सावधगिरीचे होते, त्यांबद्दल सरकारला श्रेय दिले पाहिजे. परंतु एक-दशांशच का, एक-पंचमांश किंवा एक-शतांश का नाही, याला जीवशास्त्रीय आधार कोणता, हे लोकांना कधी नीट समजावून सांगण्यात आले नाही. परिणामी ज्यांना भीती वाटते त्यांना ती मर्यादा अपुरी वाटते, आणि ज्यांना धंदा करावयाचा आहे त्यांना ती विनाकारण जाचक वाटते. आकड्यामागे प्रयोग नसला की तो वाटाघाटीचा विषय होतो.

आपल्याकडे प्रयोग झालेच नाहीत असेही नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात जितेंद्र बिहारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नर उंदरांना रोज दोन तास याप्रमाणे ३५ दिवस लहरींत ठेवून त्यांच्या शुक्रपेशींवर आणि मेंदूतील पेशींच्या डीएनएवर अनिष्ट परिणाम होत असल्याचे नोंदविले. या विषयाकडे देशात लक्ष वेधण्याचे काम त्यांनी केले. पण पाच-सहा आठवडे आणि थोडेसे उंदीर, हा आवाका शिकागोच्या प्रयोगापुढे फारच लहान. काही ठिकाणी तर पिंजऱ्याजवळ चालू मोबाईल ठेवून प्रयोग उरकले जातात. उंदीर जवळ आला की मात्रा वाढते, लांब गेला की घटते, आणि त्याने प्रत्यक्षात किती ऊर्जा शोषली हे कोणालाच सांगता येत नाही. अशा प्रयोगातून येणारा ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही सारखेच निरुपयोगी. त्यांच्या बातम्या मात्र ठळक होतात.

२०२४ च्या प्रारंभी अमेरिकेच्या त्या विषविज्ञान संस्थेने जाहीर केले की, लहरींच्या या यंत्रणेवर पुढील काम होणार नाही व नवे प्रयोग करण्याचा सध्या विचार नाही. फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या वर्गात टाकले होते. तिच्या सल्लागारांनी २०२५ ते २०२९ या काळात या वर्गीकरणाचा अग्रक्रमाने फेरविचार करण्याची शिफारस केली आहे. म्हणजे फेरविचार होणार, आणि ज्या देशाने सर्वांत मोठा प्रयोग केला त्याने दरम्यान हात झटकले आहेत.

अशा वेळी जगातील सर्वांत मोठ्या मोबाईल बाजारपेठांपैकी एक असलेल्या देशाने दुसऱ्यांच्या उंदरांवर किती काळ विसंबून राहावे? पैसा हे कारण सांगता येणार नाही. दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नावर ग्रामीण सेवेसाठी म्हणून पाच टक्के आकार गेली अनेक वर्षे घेतला जातो. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्या निधीला ‘डिजिटल भारत निधी’ असे नाव दिले आणि संशोधनासाठीही त्याचा विनियोग करण्याची मुभा दिली. दहा वर्षांत तीन कोटी डॉलर ही रक्कम त्या निधीच्या तुलनेत नगण्य आहे. या रकमेत आपल्याच वैद्यकीय व तांत्रिक संस्थांना एकत्र आणून चौथ्या आणि पाचव्या पिढीच्या लहरींवर, गर्भावस्थेपासून, भरपूर संख्येने, मात्रा नीट मोजून प्रयोग करता येईल. कोणत्या पिंजऱ्यात लहरी आहेत हे गाठी तपासणाऱ्याला कळू द्यायचे नाही. दोन शहरांतील दोन स्वतंत्र प्रयोगशाळांनी एकमेकींचे आकडे शेवटपर्यंत पाहावयाचे नाहीत. आणि सारे कागद लोकांपुढे ठेवावयाचे.

आणखी एक अट त्यात घातली पाहिजे. गाठी निघाल्या तर कोणती मर्यादा कितीने खाली आणावयाची, शाळांना कोणत्या सूचना जावयाच्या, आणि काही न निघाल्यास २०१२ सारखी बंधने कोठवर सैल करावयाची, हे दूरसंचार खाते आणि आरोग्य खाते या दोघांच्या सह्यांनिशी, पहिला उंदीर पिंजऱ्यात जाण्यापूर्वी, राजपत्रात छापून घ्यावे.